दहा अँपिअरचा एसएमपीएस आणि साठ अंशांचं पॅनल: सँड प्लांटमधलं एक प्रकरण

पार्श्वभूमी

कोल्हापूरभोवती, शिरोलीपासून कागलपर्यंत, फाउंड्र्यांची दाटी आहे. त्यातल्याच एका मध्यम आकाराच्या फाउंड्रीत हे घडलं. कारखाना ओळखू येईल असे तपशील वगळले आहेत. तिथे ग्रे आयर्न आणि एसजी आयर्न (ज्यात ग्राफाइट गोळ्यांच्या रूपात असतं ते बीड) अशी दोन्ही कास्टिंग होतात. साच्यांसाठी वाळू, बेंटोनाइट, कोळशाची पूड आणि पाणी ठरल्या प्रमाणात मिसळण्याचं काम सँड प्लांट करतो.

हा प्लांट थांबला तर काय होतं ते आधी सांगायला हवं, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावरच बेतलेले आहेत. मिक्सर थांबला की मोल्डिंग मशीनवरच्या हॉपरमधली वाळू थोड्याच वेळात संपते आणि साचे मिळेनासे होतात. फर्नेसमधला धातू मात्र ओतायला तयार असतो. एसजी आयर्नच्या धातूवर मॅग्नेशियमची प्रक्रिया झाली की तो साधारण दहा मिनिटांच्या आत ओतावा लागतो. उशीर झाला तर मॅग्नेशियमचा गुण ओसरतो आणि ग्राफाइट गोल बनत नाही. मग तो धातू पिगमध्ये, म्हणजे साध्या लगडींत, ओतून पुन्हा वितळवावा लागतो. प्लांट चालवणाऱ्या कंट्रोल पॅनलमधले २४ व्होल्ट क्षणभर गेले तरी नुकसान लॅडलपर्यंत, म्हणजे धातू ओतायच्या भांड्यापर्यंत, पोचतं ते असं.

पॅनल शेकआउटच्या (साचा फोडून कास्टिंग वाळूतून काढतात त्या जागेच्या) बाजूला, वरच्या प्लॅटफॉर्मवर उभं होतं. आत पीएलसी (प्लांट चालवणारा छोटा संगणक), दहा इंची एचएमआय (ऑपरेटरचा स्क्रीन), हॉपरच्या लोडसेलचे (वजन मोजणाऱ्या सेन्सरचे) ट्रान्समीटर, गेट आणि डायव्हर्टरचे २४ व्होल्ट डीसी सोलेनॉइड व्हॉल्व्ह, प्रॉक्सिमिटी सेन्सर, इंटरफेस रिले आणि पट्ट्यांसाठी तीन छोटे ड्राइव्ह (मोटरचा वेग आवरणारी युनिट). या सगळ्याला डीसी पुरवणारा एसएमपीएस (एसी विजेचं स्थिर डीसी करणारं युनिट) एकच होता, २४ व्होल्ट, १० अँपिअरचा. त्याला २३० व्होल्ट मिळत ते ४१५/२३० च्या कंट्रोल ट्रान्सफॉर्मरवरून, आणि कॉन्टॅक्टरच्या (मोटर चालू-बंद करणाऱ्या विद्युत स्विचच्या) कॉइलही त्याच ट्रान्सफॉर्मरवर होत्या. डीसीच्या बाजूला शाखांसाठी सी-कर्व्हचे ६ अँपिअरचे एमसीबी (करंट वाढला की आपोआप पडणारे स्विच). आपल्याकडच्या बहुतेक पॅनलांची मांडणी अशीच असते. प्लांट नवा असताना तिने काही त्रासही दिला नव्हता.

अडचण

तक्रार अशी होती की दुपारच्या शिफ्टमध्ये मधूनच एचएमआय काळा पडतो, पीएलसी रिस्टार्ट होतो आणि चालू बॅच मधेच तुटते. अर्धवट वजन झालेली वाळू मिक्सरमध्ये पडते आणि तिची ओल कुणाला सांगता येत नाही. कधी रिस्टार्ट होत नाही, पण लोडसेलचं वाचन थरथरत राहतं.

पहिला संशय पीएलसीवर गेला. सीपीयू बदलला, तरी तेच. मग अर्थिंग नव्याने केलं, तरी तेच. नंतर एसएमपीएस बदलला, पण त्याच रेटिंगचा आणि त्यातल्या त्यात स्वस्त. पावसाळा आणि हिवाळा निवांत गेला, तेव्हा सगळ्यांना वाटलं की रोग सापडला. मार्च संपता संपता तक्रार पुन्हा सुरू झाली.

ऋतूप्रमाणे येणारी तक्रार ही स्वतःच एक खूण असते. तिथल्या जुन्या वायरमनने ती नेमकी पकडली होती: "साहेब, सकाळी मीटर लावून काय उपयोग न्हाई. तीन वाजल्यानंतर या, पॅनलचं दार हाताला भाजतंय तवा." त्याचं बोलणं नोंदवहीत कुठेच उतरलं नव्हतं. ब्रेकडाउनच्या नोंदीत फक्त "पीएलसी फॉल्ट, रिसेट केले" एवढंच होतं, वेळसुद्धा नव्हती.

मोजमापात काय दिसलं

मल्टिमीटरवर २४.१ व्होल्ट दिसत होते आणि इथेच आधीच्या सगळ्या तपासण्या संपल्या होत्या. मल्टिमीटर सरासरी दाखवतो. काही मिलिसेकंदांची पडझड त्याला दिसत नाही. म्हणून डीसी बसवर आणि एसएमपीएसच्या इनपुटवर रेकॉर्डिंग करणारा स्कोप लावला, आणि एसएमपीएसच्या अगदी खाली, जिथून तो हवा आत घेतो तिथे, तापमानाचा प्रोब. शोध एका कारणाचा चालला होता, सापडली तीन.

पहिलं कारण उष्णता. दुपारी प्रोबवर ५८ ते ६० अंश सेल्सिअस दिसत होते. एसएमपीएस पॅनलच्या माथ्याशी होता, खाली ड्राइव्हची गरम हवा आणि वर जेमतेम दोन बोटांवर वायर डक्ट. फॅनचा फिल्टर वाळूने गच्च. या युनिटच्या डेटाशीटमध्ये स्पष्ट लिहिलं होतं की पूर्ण १० अँपिअर ५० अंशांपर्यंतच मिळतील, पुढे प्रत्येक अंशाला २.५ टक्के कमी. म्हणजे ६० अंशांना ७.५ अँपिअर. प्लांटचा सततचा लोड ६.८ अँपिअर होता आणि चार-पाच गेट एकदम उघडली की तो साडेआठच्या वर जाई. सकाळी जो एसएमपीएस दहाचा होता, तो दुपारी साडेसातचा होत होता. लेबल बदललं नव्हतं, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही.

उष्णतेचा दुसरा परिणाम सावकाश होतो. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य दर १० अंश वाढीला साधारण निम्मं होतं, हा या धंद्यातला ढोबळ पण भरवशाचा हिशोब आहे. काढून ठेवलेला जुना एसएमपीएस उघडला, तेव्हा आउटपुटचे कपॅसिटर डोक्यावर फुगलेले होते. असे कपॅसिटर रिपल, म्हणजे डीसीवर उरलेली लहर, दाबू शकत नाहीत. लोडसेलचं वाचन का थरथरत होतं, त्याचं हे उत्तर.

दुसरं कारण इनपुटची पडझड. त्याच फीडरवरचा मोठा कॉम्प्रेसर स्टार-डेल्टाने (मोटर दोन टप्प्यांत सुरू करण्याच्या पद्धतीने) सुरू होताना ४१५ व्होल्ट ३४० च्या आसपास येत. त्याच क्षणी एखादा मोठा कॉन्टॅक्टर ओढला गेला, की कंट्रोल ट्रान्सफॉर्मर आणखी दबे आणि २३० च्या जागी १६५ व्होल्ट उरत. चांगला वाइड-रेंज एसएमपीएस ८५ ते २६४ व्होल्टवर चालतो, त्याला १६५ ची फिकीर नसते. इथे घेतलेल्या स्वस्त युनिटला ११५/२३० निवडायचा छोटा स्विच होता आणि २३० च्या बाजूला त्याची रेंज १७६ ते २६४ होती. दोन युनिटांच्या पुढच्या बाजूला छापलेलं रेटिंग सारखंच होतं, फरक या ओळीत होता. होल्ड-अप टाइम, म्हणजे इनपुट गेल्यावर आउटपुट टिकण्याचा वेळ, २० मिलिसेकंद, म्हणजे ५० हर्ट्झची एक सायकल. पडझड टिके तीन-चार सायकल.

तिसरं कारण सगळ्यात उशिरा सापडलं. मला तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण ते कुठल्याही पॅनलमध्ये दडलेलं असू शकतं. बकेट एलिव्हेटरच्या तळाच्या सेन्सरची केबल पत्र्याच्या कडेला घासून सोलली होती. थरथरीत तिचे प्लस आणि मायनस अधूनमधून टेकत. अशा वेळी त्या शाखेचा एमसीबी पडायला हवा, बाकी प्लांट चालू राहायला हवा. पण एमसीबी कधीच पडला नव्हता. हिशोब मांडला तेव्हा दिसलं की तो पडूच शकत नव्हता.

केबल ०.७५ चौरस मिलिमीटरची, लांबी ६० मीटर. जाऊन-येऊन १२० मीटर तांबं. या जाडीच्या लवचिक तारेचा रोध किलोमीटरला २६ ओहम, म्हणजे इथे सुमारे ३.१ ओहम. २४ भागिले ३.१ केलं की ७.७ अँपिअर. टोकाला थेट शॉर्ट झाला आणि मागे कितीही मोठा एसएमपीएस असला, तरी त्या तारेतून याहून जास्त करंट जाणार नाही. सी-कर्व्हच्या ६ अँपिअर एमसीबीला झटक्यात तुटायला एसीवर ३० ते ६० अँपिअर लागतात, डीसीवर त्याहूनही जास्त. ७.७ अँपिअरला तो तासाभरात तुटेल याचीही खात्री नाही. इकडे एसएमपीएसवर मात्र ६.८ आणि ७.७ मिळून साडेचौदा अँपिअरचा बोजा. तो स्वतःला वाचवायला बंद-चालू होऊ लागे आणि सगळ्या प्लांटचे २४ व्होल्ट जात. संरक्षण म्हणून बसवलेला एमसीबी शांत आणि पीएलसी बळी.

कोणते पर्याय होते

खरेदी विभागाचा पहिला प्रस्ताव सरळ होता: दहाच्या जागी वीस अँपिअरचा घ्या. त्यात थोडं तथ्य होतं. वीसचा एसएमपीएस साठ अंशांनाही पंधरा देईल, म्हणजे पहिलं कारण झाकलं जाईल. पण शॉर्ट झालेल्या केबलला तो निमूटपणे ७.७ अँपिअर देत राहील. केबल ट्रेमध्ये तापेल, सेन्सर मेलेला असेल, आणि पॅनलवर एकही खूण उमटणार नाही. प्लांट थांबण्यापेक्षा हे जास्त वाईट, असं माझं मत होतं आणि आजही आहे.

दुसरा प्रस्ताव आहे त्यालाच दुसरा दहाचा जोडून पॅरलल करायचा. नुसत्या वायरने पॅरलल केलेले दोन एसएमपीएस लोड सारखा वाटून घेतीलच असं नाही. ज्याचं व्होल्टेज किंचित जास्त, तोच आधी घाम गाळतो. एकाचा आउटपुट आतून शॉर्ट झाला तर तो दुसऱ्यालाही खाली ओढतो. त्यासाठी मधे डायोड किंवा मॉसफेटचं रिडंडन्सी मॉड्यूल लागतं, जे एकाचा दोष दुसऱ्यापर्यंत जाऊ देत नाही. आणि खरी रिडंडन्सी, म्हणजे एक गेला तरी दुसऱ्यावर काम चालू राहणं, हवी असेल, तर एकट्या युनिटला सगळा लोड दुपारी तीन वाजताही पेलता आला पाहिजे.

वायरमनचा आग्रह जुन्या पद्धतीचा होता: ट्रान्सफॉर्मर, ब्रिज रेक्टिफायर आणि मोठा कपॅसिटर. "हे पंचवीस वर्षं चालतंय," हे त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. नुसते रिले आणि व्हॉल्व्ह असतील तर ती मांडणी उत्तम आहे, आणि केबल आखूड असेल तर एमसीबी पाडण्याइतका करंटही ती देते. पण तिला रेग्युलेशन नसतं. इनपुट वर-खाली झालं की आउटपुटही तितकंच वर-खाली होतं. पीएलसीला चालणारी मर्यादा आयईसी ६११३१-२ प्रमाणे २०.४ ते २८.८ व्होल्ट. ४१५ चे ३४० होणाऱ्या फीडरवर ती पाळणं अवघड, आणि लोडसेल ट्रान्समीटरला तो रिपल झेपला नसता.

डीसी यूपीएसचाही, म्हणजे बॅटरीवर २४ व्होल्ट टिकवण्याचाही, विचार झाला. पन्नास-साठ अंशांच्या पॅनलमध्ये लेड-ॲसिड बॅटरी ठेवणं म्हणजे दरवर्षी ती बदलण्याची तयारी ठेवणं. कपॅसिटरचं बफर मॉड्यूल त्याहून बरं, पण इनपुटची रेंजच रुंद केली तर या प्लांटला त्याचीही गरज उरत नव्हती.

शेवटचा पर्याय वाटणीचा: पीएलसीकडचा आणि फील्डकडचा पुरवठा वेगळा करायचा आणि शाखांना एमसीबीऐवजी इलेक्ट्रॉनिक प्रोटेक्शन मॉड्यूल द्यायचं. या मॉड्यूलमध्ये प्रत्येक चॅनलचा करंट ठरवता येतो. दोन अँपिअरवर लावलेला चॅनल ७.७ अँपिअर दिसताच मिलिसेकंदांत तोडतो. त्याला तीस-साठ अँपिअरची वाट बघावी लागत नाही.

निर्णय कुठे अडले

वाटणीचा पर्याय लवकर मान्य झाला. पण सेन्सर कुठल्या बाजूला घालायचे यावर बराच वाद झाला. पहिल्या आराखड्यात सेन्सर आणि व्हॉल्व्ह फील्डच्या एसएमपीएसवर होते आणि पीएलसीसाठी ५ अँपिअरचं छोटं युनिट होतं. लांबच्या, घासणाऱ्या केबल पीएलसीपासून दूर, हा विचार बरोबरच होता. मग मेंटेनन्स प्रमुखांनी विचारलं, "फील्डचा पुरवठा गेला, तर गेट उघडं आहे की बंद, हे पीएलसीला कसं कळणार?" कळणारच नव्हतं. स्प्रिंगने गेट बंद झालेलं असेल, पण ते सांगणारा सेन्सरही त्याच वेळी मेलेला असेल. म्हणून सेन्सर पीएलसीच्या पुरवठ्यावर आले, प्रत्येक विभागाला स्वतंत्र चॅनल देऊन. व्हॉल्व्ह, दिवे आणि रिले दुसऱ्या पुरवठ्यावर.

सेन्सर आल्यामुळे ५ अँपिअरचं युनिट अपुरं पडू लागलं. लांबच्या टोकाला शॉर्ट झाला, तर चॅनल तुटेपर्यंतच्या काही मिलिसेकंदांत व्होल्टेज टिकवण्याची ताकद हवी. म्हणून तिथेही १० अँपिअरचं युनिट ठरलं, काही सेकंद १५० टक्के करंट देऊ शकणारं. एक अनपेक्षित फायदा असा, की दोन्ही युनिट एकाच मॉडेलची झाली आणि स्टोअरमध्ये एकच स्पेअर दोघांना पुरतो.

तीन-फेज इनपुटचा एसएमपीएस घ्यावा का, हा दुसरा अवघड निर्णय. अशा युनिटांत साधारण ३२० ते ५७५ व्होल्टपर्यंतची रेंज मिळते, ट्रान्सफॉर्मर लागत नाही, आणि बरीच युनिट एक फेज गेल्यावरही कमी लोडवर चालू राहतात. तांत्रिकदृष्ट्या तेच सरस होतं. पण ते मागवायला आठवडे लागणार होते. सिंगल-फेज युनिट मात्र रात्रीतून मिळण्यासारखं होतं. कारखान्याने सिंगल-फेज निवडलं. अडीअडचणीला हाताशी काय मिळतं, हाही भरवशाचाच भाग आहे.

रिडंडन्सी मॉड्यूल मुद्दाम वगळलं. स्पेअर कपाटात असेल तर वायरमन युनिट पंधरा-वीस मिनिटांत बदलतो, आणि तेवढी वाळू हॉपरांमध्ये असेल अशी कामाची आखणी करता येते. हाच प्रश्न फर्नेसच्या कूलिंग वॉटरच्या पॅनलचा असता, तर मी रिडंडन्सीशिवाय सही केली नसती.

खरेदीची खळखळ प्रोटेक्शन मॉड्यूलवरून झाली. त्याची किंमत जवळपास एसएमपीएसइतकीच होती आणि "एमसीबी आहेत की" हा प्रश्न आला. तेव्हा ७.७ अँपिअरचा हिशोब कागदावर मांडून दाखवला. त्या एका पानाने जे काम केलं ते कुठल्याही कॅटलॉगने केलं नसतं.

प्रत्यक्ष काम

निवडलेली युनिट ६० अंशांपर्यंत पूर्ण लोड देणारी, ८५ ते २६४ व्होल्टची आणि ९४ टक्के कार्यक्षमतेची होती. ८८ टक्क्यांचं युनिट २४० वॉट देताना सुमारे ३३ वॉट उष्णता पॅनलमध्ये सोडतं. ९४ टक्क्यांचं सोडतं १५. सर्किट बोर्डावर कॉन्फॉर्मल कोटिंग (ओल-धुळीपासून वाचवणारा पातळ लेप) असण्याचीही अट घातली होती. ग्रीन सँडच्या धुळीत कोळशाची पूड असते, आणि पावसाळ्यात ती ओल धरून बोर्डावर बसली की नको तिथे वाट काढते.

दोन्ही एसएमपीएस माथ्यावरून खाली आणले, ड्राइव्हच्या बाजूला नव्हे तर विरुद्ध टोकाला. वर-खाली ५० मिलिमीटर मोकळी जागा सोडली. त्यांच्यासाठी वेगळा छोटा ट्रान्सफॉर्मर दिला, म्हणजे कॉन्टॅक्टर ओढले गेले तरी यांचा पुरवठा दबत नाही. सुरुवातीच्या झटक्याचा करंट ॲक्टिव्ह सर्किटने आवरणारी युनिट घेतली. स्वस्त युनिटांत त्यासाठी एनटीसी थर्मिस्टर असतो. थंड असताना तो करंट अडवतो, पण गरम असताना वीज क्षणभर जाऊन आली तर जवळपास काहीच अडवत नाही.

"डीसी ओके"चा कॉन्टॅक्ट आणि प्रत्येक चॅनलचा ट्रिप सिग्नल पीएलसीला जोडला. चाचणीत मिक्सर चालू असताना व्हॉल्व्हचा पुरवठा मुद्दाम तोडला. प्रोग्राम बॅच थांबवत होता हे बरोबर, पण पुरवठा परत येताच पुढची पायरी आपोआप सुरू करत होता. गेटपाशी माणूस हात घालून उभा असू शकतो. आयईसी ६०२०४-१ मध्येही हेच म्हटलं आहे की वीज परत आल्यावर धोका होईल अशा रीतीने मशीन आपणहून सुरू होता कामा नये. ऑपरेटरने कबुली दिल्याशिवाय बॅच पुढे जाणार नाही, असा बदल त्याच दिवशी केला.

परिणाम

पुढचा उन्हाळा एकाही रिस्टार्टशिवाय गेला. एसएमपीएसजवळचं तापमान दुपारी ४८ अंशांच्या आसपास राहिलं. लोडसेलचं वाचन स्थिर झालं. एलिव्हेटरची केबल बदलली होती, तरी पुढे डायव्हर्टरच्या सेन्सरची दुसरी एक केबल शॉर्ट झाली. त्या वेळी एचएमआयवर विभागाचं नाव आणि चॅनल नंबर आला, पीएलसी चालू राहिला, आणि वायरमन थेट त्या केबलपाशी गेला. आधी अशा दोषाचा माग काढण्यात शिफ्टच्या शिफ्ट गेल्या होत्या.

त्रास अगदीच झाला नाही असं नाही. सुरुवातीला एका चॅनलची मर्यादा फार घट्ट लावली गेली आणि एकदम सगळी गेट उघडली की तो तुटे. क्लॅम्प मीटरने खरा पीक मोजून ती वाढवली.

वेगळं काय करता आलं असतं

सीपीयू बदलण्याआधी पॅनलमधलं तापमान मोजायला हवं होतं. थर्मामीटरची किंमत सीपीयूच्या तुलनेत काहीच नाही. ब्रेकडाउनच्या नोंदीत वेळ लिहिली असती, तर दुपारचा संबंध पहिल्याच उन्हाळ्यात दिसला असता.

मूळ पॅनल बनलं तेव्हा लोड साडेचारच्या आसपास होता, हे जुन्या ड्रॉइंगवरून कळलं. नंतर ॲडिटिव्हचा फीडर आला, जादा व्हॉल्व्ह आले, मोठा एचएमआय आला. प्रत्येक वेळी मोकळा टर्मिनल शोधून वायर जोडली गेली, बेरीज कुणी केली नाही. आता दारात लोडची यादी लावली आहे आणि नवी वायर जोडणाऱ्याने त्यात अँपिअर लिहून सही करायची आहे.

ड्राइव्ह वेगळ्या पॅनलमध्ये हलवायचं काम खर्चामुळे राहिलं. फिल्टर दर आठवड्याला झटकावा लागतो आणि तो विसरला गेला तर तापमान पुन्हा चढेल. दोन्ही एसएमपीएस अजून एकाच ट्रान्सफॉर्मरवर आहेत. तो गेला तर सगळंच जाईल. मी तरी तीन-फेज युनिट आधीच मागवून थांबलो असतो आणि तोवर जुन्या मांडणीवर दार उघडं ठेवून, बाहेरून पंखा लावून काम ढकललं असतं. मेंटेनन्स प्रमुखांचं मत उलट आहे. उघड्या दारातून जी धूळ आत गेली असती, तिने पीएलसीच खाल्ला असता, असं ते म्हणतात, आणि त्या प्लांटची धूळ बघता त्यांचं म्हणणं सहज खोडता येत नाही. ड्राइव्हचं पॅनल आणि व्हॉल्व्हच्या पुरवठ्यासाठी एक तीन-फेज युनिट, दोन्ही येत्या दिवाळीच्या शटडाउनच्या यादीत आहेत.